थांबकी आणि झोकी

रविवार, १० ऑगस्ट

तक्ते लॅपटॉपवर आहेत. तक्त्यात न बसणारं इथे लिहायचं ठरवलं आहे. किती दिवस टिकेल, माहीत नाही.

आज उत्तनला पहिली चाचणी घेतली. मैदानावर चिखल आहे म्हणून शाळेच्या हॉलमध्ये. मुलींचा व्हॉलीबॉल संघ, अकरा खेळाडू. प्रशिक्षक रेनॉल्ड सर खांद्याच्या उपचारासाठी आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये येतात. तिथेच एकदा म्हणाले, "तुमच्याकडे ती उडी मोजायची चटई आहे ना? आमच्या पोरींना मोजा की." एम.एस्सी.चा प्रबंध संपल्यापासून चटई दोन वर्षं कपाटात पडून होती. मी हो म्हटलं.

मी दोन उड्या मोजते. पहिलीत गुडघे काटकोनात वाकवून बसायचं, तीन सेकंद तसंच थांबायचं आणि आणखी खाली न जाता सरळ वर उडायचं. दुसरीत ताठ उभं राहायचं, झटकन खाली दबायचं आणि त्याच झपाट्यात वर. दोन्ही वेळा हात कमरेवर. पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ चटई मोजते, त्यावरून उंची निघते. दुसरी उडी जवळजवळ नेहमीच जास्त भरते. खाली दबताना स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा ताणल्या जातात आणि तो ताण वर जाताना कामी येतो. दोन उड्यांतल्या फरकावरून खेळाडू तो ताण किती वापरते ते कळतं.

हे सगळं मुलींना सांगून झाल्यावर मागून आवाज आला, "म्हणजे एक थांबकी आणि एक झोकी. सरळ बोल ना, ताई."

सगळ्या हसल्या. बोलणारी क्रिस्टल, वय वीस, डावीकडून स्मॅश मारणारी. पहिल्याच भेटीत मला अगं-तुगं करणारी ती एकटीच. नावं सोयीची आहेत. तक्त्यातही तीच घातली.

थांबकीची सरासरी २७.९ सेंटिमीटर, झोकीची ३१.०. अपेक्षेप्रमाणे. अपवाद एक. क्रिस्टलची थांबकी ३६.१, म्हणजे संघात सर्वांत जास्त. झोकी मात्र ३५.४. तीन वेळा करून घेतली, तिन्ही वेळा थांबकीपेक्षा कमीच.

दुखापतींचे फॉर्म सरांनी आधीच तयार ठेवले होते. अकराच्या अकरा, नीट रचलेले, एकाच निळ्या शाईत. 'सध्या कुठे दुखतं का?' या प्रश्नापुढे सगळीकडे 'नाही'. इतकं व्यवस्थित काम मला अजून कुठल्या संघाकडून मिळालेलं नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

फोनवर घेतलेलं क्रिस्टलचं चित्रण सावकाश करून पाहिलं. झोकीत ती फारशी दबतच नाही. जेमतेम चार बोटं खाली जाते आणि तेही हळू. बाकीच्या धपकन जातात. ताकद आहे, पण ताण वापरण्याचं तंत्र कच्चं आहे.

सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं असं, की २३ नोव्हेंबरला एकवीस वर्षांखालच्या राज्य संघाची निवड चाचणी आहे. क्रिस्टलला डिसेंबरात एकवीस पूर्ण होतील. तिच्यासाठी ही शेवटची. "राज्याची जर्सी मिळाली ना, तर पुढे रेल्वे, पोस्ट, काहीतरी होईल पोरीचं. नाहीतर हायच आईबरोबर बोंबील सुकवणं."

पंधरा आठवडे आहेत. पुरेसे आहेत.

उपाय ठरवला. तीस सेंटिमीटरच्या लाकडी पेटीवरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी उसळी घ्यायची. रोज चाळीस वेळा, आठवड्यातून तीन दिवस. झोकी सुधारायला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

सराव संपल्यावर मी चटई गुंडाळत होते. क्रिस्टल मागे रेंगाळली.

"ताई, तू स्वतः किती उडतेस?"

"मोजलं नाही."

"घाबरतेस?"

"गरज पडली नाही."

"आमची गरज पडली, तुझी नाय पडली. भारीच आहेस." मग चटईचं दुसरं टोक तिने न सांगता उचललं. "हे आकडे तू कोणाला दाखवतेस?"

"सरांना."

"सगळे?"

"पूर्ण तक्ता जातो. तसं ठरलंय."

"आणि मी तुला असंच काही बोलले तर? आकडा नाही. असंच."

"चाचणीशी संबंधित असेल तर तेही नोंदवावं लागेल."

"बरं," म्हणाली. बुटाची नाडी सोडून परत बांधली आणि गेली.

नियम आधीच स्पष्ट केलेले बरे. खेळाडूंशी मैत्री झाली की आकडे बिघडतात, हे मी प्रबंधाच्या वेळी पाहिलं आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गावात काल मेरीमायचा सण झाला. त्याआधीचे नऊ दिवस संध्याकाळी नोव्हेनाची प्रार्थना, त्यामुळे सराव बंद होता. व्यायामाच्या कार्यक्रमातला एक आठवडा गेला. मी सरांना तसं बोलले. ते म्हणाले, "मॅडम, मेरीमायपुढे तुमचं टाइमटेबल न्हाय चालत."

क्रिस्टलच्या दोन्ही गुडघ्यांवर सारखेच काळपट डाग आहेत, वरची साल गेलेली. जमिनीवर सूर मारून बॉल उचलताना झालं असणार. सराव बंद असताना कुठे मारले, कोण जाणे. गुडघ्यांना पॅड घालायला सांगितले. "घालते हां, ताई," म्हणाली.

रविवार, २१ सप्टेंबर

झोकी ३७.६! थांबकी ३६.०. सहा आठवड्यांत उणे सातवरून अधिक सोळा, मिलिमीटरमध्ये. तिच्या अंगाला दुखण्यावर मारायच्या स्प्रेचा वास होता, पण तो त्या हॉलमध्ये सगळ्यांनाच असतो.

आकडा सांगितल्यावर क्रिस्टल इतक्या मोठ्याने ओरडली की सर ऑफिसमधून बाहेर आले. तिने मला मिठी मारली. मी सावरायच्या आत सोडलीसुद्धा.

डिसेंबरातल्या परिषदेला हा निष्कर्ष पाठवायचा आहे. आज रात्री सारांश लिहून टाकेन. पुढच्या रविवारपासून पेटी चाळीस सेंटिमीटर.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांच्या पोरींना उड्या मारायला लावतेस, आणि स्वतःला कोथिंबीर आणायला पहिल्या मजल्यावरनं लिफ्ट पायजे." काशीगावातलं आमचं जुनं घर जाऊन इमारत झाली तेव्हापासून तिला लिफ्टचा राग आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

झोकी ३३.९. थांबकी ३४.८.

दोन्ही उतरल्या आहेत, आणि झोकी पुन्हा थांबकीच्या खाली. चटईची बॅटरी तपासली, स्वतः उभी राहून दोनदा उडून पाहिलं. चटई ठीक आहे. थकवा असेल, असं तक्त्यात लिहिलं आणि चार दिवस विश्रांती दिली.

निघताना क्रिस्टल हॉलच्या पायऱ्या उतरत होती. तीनच पायऱ्या आहेत. ती कठडा धरून आडवी उतरली, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. तिची मैत्रीण ब्रिटनी ओरडली, "आली बघा खेकडी!" क्रिस्टलनेही दोन्ही हातांच्या नांग्या करून दाखवल्या. सगळ्या हसल्या.

मी बसमध्ये बसले. भाईंदर स्टेशन येईपर्यंत त्या पायऱ्यांशिवाय दुसरं काही डोक्यात आलं नाही.

झोकी कमी भरण्याचं दुसरं एक कारण पुस्तकात आहे. मी ते परीक्षेत लिहिलं होतं. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखत असेल, तर माणूस नकळत झटकन दबायचं टाळतो. थांबकीत झटका नसतो, म्हणून ती चांगली भरते.

ऑगस्टच्या चित्रणात हेच आहे. चार बोटं, आणि हळू.

बुधवार, १५ ऑक्टोबर

न कळवता उत्तनला गेले. क्रिस्टलचं घर विचारत विचारत सापडलं. ती सायकलवरून बर्फ आणायला गेली होती. तिची आई, व्हेरा, दारात बसून बोंबील निवडत होती. मी नाव सांगितलं.

"तू ती मोजनारी! ये, बस. आमची दिसभर तुझंच नाव घेते. चांदणीताई असं बोलली, चांदणीताई तसं बोलली." मग हात न थांबवता म्हणाली, "गुडघ्याचं बघायला आलीस ना? बरं केलंस. मी सांगून थकले."

मी समोर बसले. तिला वाटलं मला सगळं माहीत आहे. ती बोलत राहिली.

"मे महिन्यापासून हाय तिचं. रात्री उशी घेते गुडघ्याखाली. आणि वर नोव्हेनाला काय केलं, सांगितलं का तुला? नऊ दिस, देवळाच्या दारापासून पार आत आल्तारपर्यंत गुडघ्यावर गेली. मी म्हटलं, कशाला गो, मेरीमायला चालत गेलीस तरी ऐकू येतं. तर म्हणते, मागायचं गुडघ्यासाठीच हाय, मग गुडघ्यावरच जायला पायजे."

क्रिस्टल आली. मला पाहिलं, मग आईला पाहिलं, आणि बर्फ सायकलवरच राहू दिला.

आत तपासलं. वाटीखाली अंगठ्याने दाबल्यावर तिने ओठ चावला. पाट तिरका लावून एका पायावर खाली बसायला सांगितलं. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं विचारलं. "सात," म्हणाली. नंतर, "आठ." डावा. उजवा तीन.

एवढ्याला चार मिनिटं लागली. दहा ऑगस्टला माझ्याकडे तीन तास होते.

"फॉर्मवर 'नाही' होतं," मी म्हटलं.

"ते सरांनी भरले. सगळ्यांचे. म्हणाले, हो लिहिलं तर ही शहरातली मॅडम बाहेर काढेल."

"एकवीस सप्टेंबरला सदतीस आली ती?"

"दोन गोळ्या घेतलेल्या. आणि स्प्रे." मग माझा हात धरला. "ताई, सांगू नकोस हां सरांना. म्हणजे त्यांना माहीत आहे. पण तू लिहून दिलंस तर त्यांना पण मला पाठवता नाय येणार. एकोणचाळीस दिवस आहेत. मी काढते ना. गोळ्या घेऊन काढते."

तिने दिवस मोजले होते. मी मनात मोजले, बरोबर होते.

"मला विचार करू दे," म्हटलं. ती म्हणाली, "विचार नको करू. तू विचार केलास की नियम काढतेस."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

वाटीखालच्या दुखऱ्या कंडरेला बरं व्हायला साधारण बारा आठवडे लागतात. आधी हालचाल न करता नुसता भार, मग सावकाश भार, उड्या सगळ्यात शेवटी. दहा ऑगस्टपासून निवड चाचणीपर्यंत पंधरा होते.

त्याऐवजी मी तिला पेटीवर चढवलं. सात आठवडे, आठवड्यात तीन दिवस, रोज चाळीस. आठशे चाळीस वेळा ती त्या दुखऱ्या पायावर उतरली, शेवटचे दोन आठवडे जास्त उंचीवरून. देवळातली फरशी नऊच दिवस होती.

चोवीस ऑगस्टची नोंद परत वाचली. ती सांगायला आली होती. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, आणि खाली माझा शेराही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

अहवाल लिहून सरांना दिला. डावा गुडघा, निदान, आणि 'निवड चाचणीस पाठवू नये'.

सरांनी कागद वाचून टेबलावर ठेवला. "तोंडी सांगितलं असतंत तर चाललं असतं, मॅडम. कागदावर कशाला?"

"तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही पाठवलं असतंत."

"हो. पाठवलं असतं. मी स्वतः फाटक्या खांद्यावर दोन सीझन काढले. ह्या गावातली कुठली पोरगी न दुखता खेळते, सांगा मला. दुखतं म्हणून बसायला लागलो तर संघ उभा कोण करणार?"

"फॉर्म तुम्ही भरलेत."

"भरले. आणि तुम्ही वाचलेत," सर म्हणाले.



मी अहवाल का दिला, हे प्रामाणिकपणे लिहायचं तर दोन कारणं आहेत. कंडरा तुटण्याची भीती, हे एक. दुसरं असं, की न देता ती तिथे पडली असती तर माझं नाव त्यात आलं असतं. कुठलं कारण पहिलं होतं, ते मला सांगता येत नाही.

क्रिस्टलला मी स्वतः सांगायला हवं होतं. सर आधी बोलले.

रविवार, २ नोव्हेंबर

क्रिस्टलला तीन फोन केले, दोन मेसेज. मेसेज वाचल्याची खूण आली आहे.

बिनहालचालीच्या व्यायामांचा तक्ता करून व्हेराच्या नंबरवर पाठवला. तिने अंगठा पाठवला.

परिषदेने माझा सारांश स्वीकारला आहे. मागे घेतला. कारण विचारलं होतं, 'माहिती विश्वासार्ह नाही' असं कळवलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, पुढच्या वर्षी जरूर पाठवा.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज निवड चाचणी होती.

ब्रिटनीचं नाव राखीव खेळाडूंत आलं. सरांनी कळवलं. खाली लिहिलं होतं, 'क्रिस्टलच्या जागी केबिन रोडची एक पोरगी खेळली. बरी आहे. क्रिस्टल नाही.'

सकाळपासून पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये होते. सुट्टी होती, तरी गेले.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी अकरा वाजता क्रिस्टल क्लिनिकमध्ये आली. वेळ घेऊन आली होती. रिसेप्शनवर पूर्ण नाव लिहून, बाकीच्यांसारखी बाकावर बसून. मी दार उघडून आत ये म्हटलं तेव्हाच उठली.

केस कापले आहेत. पॅड घातलेले नव्हते. गुडघ्यांवर डाग आता फिकट आहेत.

"भाईंदर वेस्टला एक फिजिओ आहेत, मी त्यांच्याकडे सुरू करतेय," ती म्हणाली. "त्यांना आधीचं लेटर पाहिजे. काय झालं, काय काय केलं, ते."

"व्यायाम करतेस?"

"मम्मी भिंतीला टेकवून बसवते. पंचेचाळीस सेकंद. घड्याळ घेऊन समोर उभी राहते."

"कमी झालं का?"

"थोडं." मग म्हणाली, "एक विचारू? तू सांगितलं… तुम्ही सांगितलं नसतं, तर मी खेळले असते ना?"

"खेळली असतीस."

"घेतलं असतं मला?"

"चौतीस उडून नाही. गोळ्या घेऊन सदतीसला गेली असतीस, तर कदाचित."

"आणि गुडघा?"

"कदाचित गेला असता. कदाचित नसता गेला."

"म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही."

"नाही."

तिने मान हलवली. मला वाटतं, खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण 'नक्की तुटला असता' असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता.

पत्र लिहायला बसले. ती समोर बसून होती. पहिल्यांदा लिहिलं, 'रुग्णाने वेदनेची माहिती दिली नाही.' तो कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, 'माहिती उपलब्ध नव्हती.' तोही फाडला. तिसऱ्यांदा असं लिहिलं:

'मे महिन्यापासून डाव्या गुडघ्यात वाटीखाली वेदना. १० ऑगस्टच्या चाचणीत दोन उड्यांतला फरक उणे होता. ही वेदनेची खूण असू शकते, हे मला ठाऊक होतं. मी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं नाही, गुडघा तपासला नाही, आणि उलट उतरून उसळण्याचे व्यायाम सात आठवडे दिले. ती स्वतः बोलू पाहत होती तेव्हाही मी ऐकून घेतलं नाही. आज दिसणारा बिघाड बऱ्याच अंशी या व्यायामांमुळे आहे. ते मी दिले.'

खाली सही, नोंदणी क्रमांक.

तिने पत्र हातात घेऊन उभ्या उभ्या वाचलं, अगदी शेवटपर्यंत. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने कागद परत माझ्यापुढे ठेवला आणि सहीच्या बाजूला बोट टेकवलं.

"शिक्का राहिला. त्यांनी सांगितलंय, शिक्क्याशिवाय चालणार नाही."

मी खणातून शिक्का काढून मारला. शाई वाळेपर्यंत तिने कागद हवेत धरला, मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"थँक्यू, मॅडम," म्हणाली आणि गेली.

साडेअकराचा पेशंट आला नाही. बारापर्यंत मी खुर्चीतच होते. या वेळात काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही.